नोकरी सांभाळून फाईव्हर आणि अपवर्क: नोकरीनंतर रात्री काम करणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

साईड इन्कमचे व्हिडिओ बघितले की वाटतं सगळं जग झोपेत पैसे कमावतंय आणि आपणच तेवढे मस्टरवर सह्या करत बसलोय. मी फुल टाइम नोकरी करते, दिवसभर एक्सेल आणि प्रेझेंटेशन, मग तेच काम संध्याकाळी दुसऱ्यांसाठी करून थोडे जास्तीचे पैसे सुटतात का बघू म्हणून फाईव्हर आणि अपवर्क (घरबसल्या ऑनलाईन कामं मिळवून देणाऱ्या साईट) दोन्हीकडे अकाउंट काढले. रिव्ह्यू भरपूर वाचले होते पण बहुतेक सगळे नोकरी सोडून पूर्णवेळ फ्रीलान्सिंग करणाऱ्यांचे. त्यांना सकाळी अकराला क्लायंटचा मेसेज आला तर लगेच उत्तर देता येतं, आपण त्या वेळी मीटिंगमध्ये मान डोलवत असतो. त्यामुळे माझ्यासाठी 'पैसे किती मिळतात' हा दुसरा प्रश्न, पहिला प्रश्न हा की हे ॲप माझ्याकडून दिवसातले कुठले तास मागतं.

आधी फाईव्हर. 2010 ला इस्राएलमध्ये सुरू झालं, तेव्हा प्रत्येक काम 5 डॉलरला, नाव त्यावरूनच. आता दर आपण ठरवायचा. इथे आपण दुकान मांडून बसायचं, म्हणजे 'अमुक काम, इतक्या दिवसात, इतक्या पैशात' असं गिग टाकायचं आणि गिऱ्हाईक शोधत आपल्यापर्यंत येतं. नोकरीवाल्याला हे लय सोयीचं, कारण गिग एकदा नीट लिहिलं की रोज उठून कुणाला अर्ज करत बसावं लागत नाही. पहिल्या मेसेजला 24 तासांत उत्तर दिलं की रिस्पॉन्स रेट (वेळेत उत्तर दिल्याचं प्रमाण) शाबूत राहतो, म्हणजे जेवण झाल्यावर निवांत बसून उत्तरं दिली तरी चालतं.

खरी गोची ऑर्डरची आहे. गिऱ्हाईक तुम्हाला न विचारता थेट ऑर्डर टाकू शकतं, आणि त्याने लागणारी माहिती भरली की डिलिव्हरीचं घड्याळ सुरू. तुम्ही ऑफिसमध्ये कुठल्या ऑडिटमध्ये अडकलाय याच्याशी त्या घड्याळाला काही देणंघेणं नाही. 'एका दिवसात डिलिव्हरी' लिहिलं की गिग जास्त चालतं म्हणतात, चालतही असेल, पण नोकरी असेल तर तो मोह नको. मला साधारण दोन संध्याकाळी लागणारं काम असेल तर मी पाच दिवस लिहिते. लवकर दिलं तर गिऱ्हाईक खूशच होतं, उशीर झाला तर मात्र आपल्या प्रोफाईलचे आकडे खाली येतात आणि ते परत वर चढवणं म्हणजे डोक्याला ताप. अनलिमिटेड रिव्हिजन (हव्या तितक्या दुरुस्त्या) तर अजिबात लिहू नका, दोन खूप झाल्या.

पैशाचं म्हणाल तर कमिशन सरळ 20 टक्के, बक्षीस म्हणून कुणी टिप दिली तर तिच्यातूनही 20 टक्के कापतात (हे मला आजही पटत नाही). डिलिव्हरीनंतर गिऱ्हाइकाने तीन दिवसांत काहीच केलं नाही तर ऑर्डर आपोआप पूर्ण धरतात, आणि त्यानंतर साधारण सेलरचे पैसे 14 दिवसांनी मोकळे होतात, टॉप रेटेड (फाईव्हरवरचा सगळ्यात वरचा दर्जा) असाल तर 7 दिवसांनी. पगार चालू असल्यामुळे आपल्याला ह्या थांबण्याचा त्रास नाही, आणि नोकरी असण्याचा हा मोठा फायदा आहे, नड नसली की भाव पाडून काम घ्यावं लागत नाही.

आता अपवर्क. ईलान्स आणि ओडेस्क अशा दोन जुन्या साईट एकत्र आल्या आणि 2015 मध्ये हे नाव पडलं. इथे गणित उलटं, काम क्लायंट टाकतो आणि अर्ज आपण करायचा, आणि प्रत्येक अर्जाला 'कनेक्ट्स' खर्च होतात जे संपले की विकत घ्यावे लागतात. म्हणजे काम मिळायच्या आधीच खिशातून पैसे, आणि क्लायंटने दुसऱ्या कुणाला घेतलं तर तुमचे कनेक्ट्स गेले ते गेले. पैशापेक्षा मला खटकतो तो वेळ. चांगला अर्ज म्हणजे क्लायंटची पोस्ट नीट वाचा, त्याची फाईल कशी असेल याचा अंदाज घ्या, दोन कामाचे मुद्दे लिहा, अर्धा तास सहज जातो, आणि आपल्याकडे रात्रीचे असतात किती, दीड-दोन तास, त्यातला अर्धा असा बिनपगारी गेला तर काम कधी करायचं.

कमिशन आधी सगळ्यांना एकच 10 टक्के होतं, 2025 पासून नवीन कॉन्ट्रॅक्टला 0 ते 15 टक्के असं बदलतं केलंय, कामाप्रमाणे वेगळं, घ्यायच्या आधी दिसतं. म्हणजे कागदावर फाईव्हरपेक्षा स्वस्तच. पण कमिशन डोळ्याला दिसतं, वाया गेलेले तास दिसत नाहीत. समजा 100 डॉलरचं काम आहे, फाईव्हरवर 80 हातात. काम चार तासांचं, पण मेसेज, समजावून सांगणं, दुरुस्त्या धरून सहा तास गेले तर तासाला 13 च्या आसपास पडले, 25 नाही. हा हिशोब प्रत्येक कामानंतर वहीत लिहायची सवय लावून घ्या, मग कुठली गिऱ्हाइकं परत घ्यायची आणि कुठल्यांना गोड बोलून कटवायचं ते आपोआप कळतं.

अपवर्कवर दोन प्रकारची कामं, तासावर आणि ठोक. तासावरच्या कामाला त्यांचा ट्रॅकर चालू ठेवावा लागतो, तो तासाला सहा वेळा तुमच्या स्क्रीनचा फोटो काढतो आणि कीबोर्ड माऊस किती हलला तेही मोजतो. दिवसभर बॉसची नजर आणि रात्री ह्याची, मला नाही जमलं. आणि हे ऑफिसच्या लॅपटॉपवर तर चुकूनही टाकू नका, एखाद्या फोटोत ऑफिसचा मेल दिसला तर पंचाईत दोन्हीकडची. ठोक कामात क्लायंट आधीच एस्क्रोमध्ये (काम होईपर्यंत पैसे साईटकडे अडकून राहतात ते खातं) पैसे भरतो, काम जमा केल्यावर 14 दिवसांत तो काहीच बोलला नाही तर पैसे सुटतात. नोकरीवाल्याने ठोकच घ्यावं, काम रात्री दोनला केलं की रविवारी दुपारी, कुणी विचारत नाही. फक्त एस्क्रो भरलेला दिसल्याशिवाय फाईल उघडू नका. दोन्हीपैकी एका ठिकाणी एका क्लायंटने 'आधी छोटं सॅम्पल करून दाखव' म्हणत आख्खं प्रेझेंटेशन माझ्याकडून करून घेतलं आणि गायब झाला, तेव्हापासून सॅम्पल म्हणून मी फक्त आधी बनवून ठेवलेलं दाखवते.

तर माझं रेटिंग, नोकरीवाल्याच्या हिशोबाने, फाईव्हर 5 पैकी 4, अपवर्क 3. पूर्णवेळ करणारा कदाचित बरोबर उलटं देईल, आणि मोठ्या रकमेची कामं हवी असतील तर त्याचं बरोबरही असेल.

'एकदा करा, आयुष्यभर कमवा' वाल्या गोष्टींवर थोडक्यात. शटरस्टॉकवर (फोटो विकायची साईट) विक्रीतला आपला वाटा 15 ते 40 टक्के, जास्त विकलं की लेव्हल आणि वाटा वाढतो, पण लेव्हल दर 1 जानेवारीला परत खाली येते, म्हणजे जानेवारीत सगळे पुन्हा 15 वर. युडेमीवर कोर्स त्यांच्यामार्फत विकला गेला तर 37 टक्के, तुमच्या कूपनवरून गेला तर 97, त्यामुळे आधीपासून ओळखणारे लोक असतील तरच मजा आहे. यूट्यूबला जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4000 तास बघितले गेलेले व्हिडिओ लागतात (शॉर्ट्सचा निकष वेगळा). ह्या सगळ्यात काम आधी, पैसे खूप नंतर, आणि आलेच तर. आवड असेल तर करा. आणि 'व्हिडिओ लाईक करा पैसे मिळवा' किंवा 'काम देतो, आधी डिपॉझिट भरा' असं कुणी म्हणलं की तिथेच ब्लॉक, त्यावर रिव्ह्यू लिहायची पण गरज नाही.

अकाउंट काढायच्या आधी आपलं ऑफर लेटर बाहेर काढून नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी बाहेरचं काम लेखी परवानगीशिवाय चालत नाही, काही ठिकाणी तर तुम्ही नोकरीत असताना बनवलेल्या गोष्टींवर कंपनीचा हक्क असं कलम असतं, ते डिझाईन किंवा कोडिंगवाल्यांना जास्त लागू पडतं. आपल्याच कंपनीच्या धंद्यातला क्लायंट मी घेतच नाही, कितीही पैसे देत असला तरी. शिवाय पगारातून टॅक्स कापला जातो तो पगाराचा, ह्या पैशाचा वेगळा दाखवावा लागतो, म्हणून येईल त्यातला एक हिस्सा दुसऱ्या खात्यात टाकून विसरून जायचं.

महिनाअखेरीला आमच्या ऑफिसात क्लोजिंग (महिन्याचे हिशोब बंद करणं) असतं, तेव्हा मी फाईव्हरवर स्वतःला अनअव्हेलेबल करून ठेवते. ती सेटिंग प्रोफाईलमध्येच आहे, परत यायची तारीख टाकता येते, आणि आधीच्या दोन-तीन गिऱ्हाइकांना मेसेज करून सांगितलं तर ती थांबतात.