खाली कंपनीचा स्पीड, वर आपला

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या दोन-तीन फाउंड्रीवाल्यांना मी पॅटर्नची ड्रॉइंग आणि मशिनिंगचे टूलपाथ, म्हणजे कटरने कुठून कसं फिरायचं त्याचे मार्ग, काढून देतो. काम घरूनच. जुन्या कॉम्प्युटरवर पंपाच्या केसिंगचा फिनिशिंगचा टूलपाथ लावला, की चहा करून, पिऊन, कप धुऊन आलो तरी पट्टी अर्ध्यावरच असायची. २०२१ची दिवाळी झाल्यावर ठरवलं, नवीन मशीन बांधायचं. बजेट पस्तीस हजार, ग्राफिक्स कार्ड जुनंच वापरायचं.

टूलपाथच्या हिशोबाला बऱ्याचदा प्रोसेसरमधले एक-दोनच कोअर, म्हणजे कामाचे भाग, राबतात, बाकीचे बसून असतात. म्हणून मला गिगाहर्ट्झ, म्हणजे एकेका कोअरचा स्पीड, पाहिजे होते. थोडंफार वाचलं होतं. एएमडीच्या बहुतेक रायझन प्रोसेसरचा मल्टिप्लायर, म्हणजे स्पीड ठरवणारा गुणक, बदलायला उघडा असतो, पण मदरबोर्डाने साथ दिली तरच. बोर्डावरच्या मुख्य चिपला चिपसेट म्हणतात; बी४५० चिपसेटवर ओव्हरक्लॉक, म्हणजे कंपनीच्या आकड्यापेक्षा जादा स्पीड, होतो, ए३२० वर प्रोसेसरचा होत नाही. एवढं मला पाठ होतं. म्हणजे मी अगदीच कोरा नव्हतो, आणि त्याच भरवशावर गाफील राहिलो.

राजारामपुरीतल्या एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, गल्लीचा नंबरही नाही.

"बी४५० पाहिजे, ओव्हरक्लॉक करायचाय," मी म्हणालो.

"हाय की. बजेटमधला हाय, डोळं झाकून न्या. गेमिंगवाली पोरं लई नेत्यात. सेटिंग आपणच करून देतोय, त्याचं हजार वेगळं."

बॉक्सवर ठळक बी४५० छापलेलं. बाजूचं सिरीयल नंबरचं लेबल मात्र अर्धं फाटलेलं आणि तळाला तपकिरी डाग. मी बोट ठेवलं तर तो म्हणाला, "जुलैच्या पुरात गोडाऊनमध्ये पाणी शिरलं हो. बॉक्सला लागलंय, आतला माल कोरडा हाय." आता पुराचं नाव निघाल्यावर कोल्हापुरात कोण उलटा प्रश्न विचारणार? त्याच जुलैत माझ्या सासुरवाडीच्या उंबऱ्याला पाणी लागलं होतं. उलट मीच विचारलं, नुकसान किती झालं म्हणून.

बोर्ड ७,२०० रुपये. पक्कं बिल पाहिजे तर अठरा टक्के जीएसटी वर. "कच्च्यावर घ्या, वॉरंटीचं मी बघतो." मी कच्च्यावर घेतलं. बाराशे-तेराशे रुपये वाचवले, असं तेव्हा वाटलं होतं.

प्रोसेसर रायझन ५ ३६००. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मशीन तयार झालं, बघायला बोलावलं. दुकानदाराने टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्सच्या पानावर गेला आणि मागे एक व्हिडिओ कन्व्हर्ट करायला लावला. स्क्रीनवर बेस स्पीड ३.६० गिगाहर्ट्झ आणि चालू स्पीड ४.१२, ४.१५, परत ४.१० असा नाचणारा. त्याने पेनाच्या टोकाने काच वाजवली. "हे खाली कंपनीचा स्पीड. आणि हे वर आपला."

मी खूश! हजार रुपये तिथल्या तिथे यूपीआयने दिले.

आता यातली मेख सांगतो, कारण या एका नाटकावर बरीच गिऱ्हाइकं गार होत असणार. रायझन ५ ३६०० चा बेस क्लॉक ३.६ आणि बूस्ट ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत, हे कंपनीच देते, बॉक्सवर छापून. काम आलं की प्रोसेसर स्वतःच वर चढतो. तापमान, करंट आणि किती कोअर राबतायत ते बघून सेकंदाला कितीतरी वेळा वर-खाली होतो. त्याला कुणी हात लावावा लागत नाही. ए३२० वर चढतो, बी४५० वरही चढतो. टास्क मॅनेजरमधला बेस स्पीड हा नुसता छापील आकडा असतो. त्याच्यापेक्षा चालू आकडा मोठा दिसला म्हणजे ओव्हरक्लॉक झाला, असं अजिबात नाही. मला दुकानात दाखवला तो प्रोसेसरचा रोजचा धर्म होता.

आणखी एक गोष्ट तेव्हाच खटकायला पाहिजे होती. कूलर प्रोसेसरसोबत फुकट येतो तोच, छोटा. खरोखर ओव्हरक्लॉक करणारा माणूस आधी कूलरचा विषय काढतो. याने काढलाच नाही.

सहा महिने मी मिसळीच्या टेबलावर "आपला ४.१५ वर चालतोय" म्हणून सांगत फिरलो. पंपाच्या केसिंगचा तो टूलपाथ ३१ मिनिटांत व्हायचा. जुन्या मशीनच्या मानाने स्वर्गच.

मग मे महिन्यात वळवाचा पाऊस आला. दुपारी लाईट तीन-चारदा गेली-आली आणि मशीन चालूच होईना. पंखे फिरायचे, स्क्रीन काळी. दुकानात फोन केला तर तिथला पोरगा म्हणाला, बोर्डावरचा गोल सेल काढा, पाच मिनिटांनी परत बसवा. बसवला, सुरू झालं. पण सेल काढला म्हणजे बायोसमधली, बोर्डाच्या मूळ प्रोग्रॅममधली, सगळी सेटिंग पुसली गेली. म्हणजे माझा हजाराचा ओव्हरक्लॉक गेला. परत फोन. "आणा दुकानात, पाचशे लागतील."

जायच्या आधी सहज टास्क मॅनेजर उघडला. टूलपाथ लावला. ४.१५.

दोनदा बघितलं. सेटिंग पुसलेलं आणि आकडा जागच्या जागी. फक्त वेळ ३१ ऐवजी ३३ मिनिटं लागली. हे दोन मिनिटांचं कोडं लक्षात ठेवा, शेवटी त्याचाच माझ्यावर वार झाला.

त्या रात्री पहिल्यांदा स्वतः बायोसमध्ये शिरलो. मल्टिप्लायर बदलायची ओळ शोधत होतो, सीपीयू रेशो किंवा तसलं काही. प्रत्येक पान चाळलं. नव्हती. मग वरच्या कोपऱ्यात बोर्डाचं मॉडेल लिहिलेलं दिसलं. त्यात बी४५० नव्हतं, ए३२० होतं. सकाळी दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "बायोस दोन्हीला कॉमन असतंय, नावाकडं बघू नका." नंतर सीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर उतरवलं. त्याच्या मेनबोर्डच्या पानावर पुन्हा ए३२०. तेही कॉमन असतंय का, हे विचारायला फोन केला नाही.

रविवारी मेहुणा आला होता. त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, कॉम्प्युटरमधलं त्याला काही कळत नाही, पण तांब्याची तार आणि उष्णता यातलं सगळं कळतं. दोघांनी कॅबिनेट उघडलं. बोर्डावर मधोमध, जिथं मॉडेलचं नाव छापलेलं असतं बरोबर तिथं, वॉरंटीचं चंदेरी स्टिकर. काढलं तर वॉरंटी रद्द, असं त्यावर लिहिलेलं. दुसरीकडे कुठंही स्टिकर नाही. बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला, स्टिकरवर मिनिटभर गरम हवा मारली आणि नखाने कोपरा उचलला. चंदेरी थर तुटून "व्हॉइड" अशी जाळी खाली राहिली. ती अंगठ्याने चोळत गेलो तसं पांढऱ्या रंगातलं शून्य दिसलं, मग दोन, मग तीन, मग ए. मेहुणा शेजारी बसून आकडे मोठ्याने वाचत होता, मटक्याचा निकाल वाचावा तसा.

मग त्यानेच विचारलं, "दाजी, ह्या डब्याला वीज कुठनं मिळत्या?" प्रोसेसरच्या वरच्या कोपऱ्यातलं सॉकेट दाखवलं. तिथं चारच पिना. एसएमपीएसची, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याची, वायर चार अधिक चार अशी जोडीची, तिचा अर्धा तुकडा नुसता लोंबकळत होता. चार पिना दिसल्या म्हणजे लगेच बोर्ड खोटा असं नव्हे, साध्या वापराला त्या पुरतात. पण ओव्हरक्लॉकच्या नावाने विकताना जो आठ पिनांचं सॉकेट देत नाही, त्याला दोन प्रश्न जादा विचारावेत. सॉकेटच्या शेजारी चौकोनी कॉइल आणि काळ्या चपट्या मॉस्फेट चिपांची रांग, तिला व्हीआरएम म्हणतात. एसएमपीएसचे १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला सव्वा व्होल्टच्या आसपास देणं हे तिचं काम. ३६०० ला कंपनीच्या सेटिंगवर ८८ वॅटपर्यंत ओढायची मुभा असते. सव्वा व्होल्टला ८८ वॅट म्हणजे किती, मेहुण्याने मनातच भाग दिला.

"सत्तर अँपिअर? दाजी, हे काय वेल्डिंग मशीन हाय व्हय?"

अडीच एमएमच्या वेल्डिंग रॉडला साधारण एवढाच करंट लागतो, म्हणून तो हसत होता. मग त्याने मॉस्फेटांवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "आणि ह्यास्नी हीटसिंक न्हाई." खरंच नव्हता, उघडे होते. हा प्रकार ओव्हरक्लॉक केला नाही तर चालून जातो, माझा आजही चालतोय. पण व्होल्टेज वाढवून मल्टिप्लायर चढवला असता, तर ते तापले असते आणि स्वतःला वाचवायला मशीनने स्पीड पाडला असता. म्हणजे खरा बी४५० मिळाला असता तरी व्हीआरएम असला उघडा असेल तर उपयोग नव्हता. चिपसेट फक्त परवानगी देतो. ओझं उचलतो तो व्हीआरएम. दुकानात मी एकदाही त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

जे लोक इंटेलच्या वाटेने जाणार त्यांच्याही कानावर घालतो. तिथं मल्टिप्लायर वाढवायला नावात शेवटी 'के' असलेला प्रोसेसर आणि 'झेड' बोर्ड अशी जोडी लागते. के घेऊन एच नाहीतर बी बोर्डवर बसवला, तर मल्टिप्लायर वाढवायच्या नावाने मोजलेले जादा पैसे पाण्यात. बी५६० पासून रॅमचा स्पीड वाढवता येतो, त्यालाच काउंटरवर सरसकट 'ओसी' (ओव्हरक्लॉक) बोर्ड म्हटलं जातं. आणि ऑनलाइन मिळणारे स्वस्त चिनी एक्स९९ बोर्ड, जुन्या सर्व्हरच्या झिऑन प्रोसेसरसकट? त्यातल्या बऱ्याच बोर्डांवर एक्स९९ ची चिप नसतेच, एच८१ किंवा बी८५ सारखी साध्या जुन्या बोर्डाची असते. आणि बहुतेक झिऑनचा मल्टिप्लायर कुलूपबंदच.

एक कबुली द्यायची राहिली. मला ओव्हरक्लॉकची गरजच नव्हती. रायझन ३००० च्या पिढीत सगळे कोअर हाताने एका आकड्यावर बांधले, तर एकट्या कोअरचा बूस्ट बऱ्याचदा कमीच होतो. माझं काम एक-दोन कोअरचं, म्हणजे चांगलं सेटिंग करून मी माझंच नुकसान करून घेतलं असतं. हे दुकानदाराला माहीत होतं असं मला वाटत नाही. माहीत असतं तर त्याचे पण पैसे घेतले असते.

सोमवारी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. तिथून कळलेलं आणि नंतर स्वतः तपासलेलं थोडक्यात लिहितो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पोट भरायला स्वयंरोजगारासाठी वस्तू घेतली असेल, तर धंद्यासाठी घेतली म्हणून हाकलून देत नाहीत. अडचण एकच, माझ्याकडे पक्कं बिल नव्हतं. कच्च्या चिठ्ठीवर नुसतं 'बोर्ड ७२००'. मॉडेल नाही, सिरीयल नंबर नाही. वाचवलेले बाराशे इथं वसूल झाले.

वाचवलं ते व्हॉट्सअ‍ॅपने. खरेदीच्या आदल्या दिवशी दुकानदारानेच पाठवलं होतं, 'बी४५० बोर्ड ७२०० फायनल'. त्याखाली यूपीआयची नोंद. दोन्हींचे प्रिंट, सोललेल्या स्टिकरचा फोटो आणि तक्रारीचा कच्चा मसुदा घेऊन दुकानात गेलो. गर्दीची वेळ मुद्दाम निवडली.

आधी तो म्हणाला, वरून बॉक्सच तसा आला. मग म्हणाला, पोरानं चुकून बदलला असंल. मी मसुदा काउंटरवर उलटा करून ठेवला, त्याला वाचता येईल असा. शेजारी एक कॉलेजचा पोरगा बोर्डच बघत होता, त्याने मान पुढे केली. तेव्हा दुकानदाराचा आवाज एकदम खाली आला. "आत या बसा की, साहेब. चहा सांगतो."

चहा घेतला. ए३२० चा तेव्हाचा भाव साडेचार हजार धरून फरकाचे २,७०० झाले. घासाघीस करून २,५०० वर आला आणि रोख दिले. मग मी म्हणालो, सेटिंगचे हजार?

"ते कशाला? काम केलंय की."

"कसलं काम? ओव्हरक्लॉक झालाच नव्हता."

"मग रॅमचा स्पीड कुणी वाढवला? सेल काढल्यावर तुमचं मशीन हळू झालं का न्हाई, खरं सांगा."

झालं होतं. ३१ ची ३३ मिनिटं झाली होती. सेटिंग बदललं नाही तर बायोस रॅमला हळू वेगावर धरतो. एक्सएमपी नावाची ओळ चालू केली की ती छापील ३२०० वर जाते, आणि हे ए३२० वरही होतं. त्याने खरोखरच केलेलं काम तेवढं एकच, आणि त्याच कामावर तो माझ्या हजारावर हात ठेवून बसला होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन ती ओळ शोधली. पहिल्याच पानावर होती. एंटर दाबलं, सेव्ह केलं, टूलपाथ लावला. ३१ मिनिटं.