इंग्लंडमधलं जुनं धान्यकोठार पाहायचंय? हार्मंड्सवर्थ, ग्रेट कॉक्सवेल की ब्रॅडफर्ड

इंग्लंडमधलं मध्ययुगीन धान्यकोठार पाहायचं मनात आहे आणि हाताशी एकच दिवस आहे, असं असेल तर मी तीन नावं सुचवेन: हीथ्रो विमानतळाला खेटून असलेलं हार्मंड्सवर्थ, ऑक्सफर्डशरमधलं ग्रेट कॉक्सवेल आणि विल्टशरमधलं ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन. तिन्ही मूळ जागेवर उभी आहेत. पण कुणाला काय आवडेल, यात बराच फरक पडतो.

आत शिरण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. ही नुसती साठवणीची जागा नव्हती. कापलेल्या पेंढ्या आत रचायच्या आणि हिवाळाभर थोडी थोडी मळणी करायची, अशी तिथली रीत. आपल्याकडे खळं उघड्यावर चालतं, कारण सुगीत आभाळ बहुधा कोरडं असतं. तिथे पावसाचा भरवसा नाही, म्हणून खळंच छपराखाली आलं. त्यामुळे अशा कोठाराला गाडी आत येईल एवढी उंच दारं असतात. ती समोरासमोर उघडली की मधल्या जमिनीवरून वारा वाहतो आणि उफणणी होते. 1830 साली दक्षिण इंग्लंडमधल्या शेतमजुरांनी गावोगाव मळणीयंत्रं फोडली, त्याचं एक मोठं कारण हेच: कोठारातली हिवाळी मजुरी त्या यंत्रांनी हिरावली होती.

आता निवडीकडे.

सुतारकाम पाहायचं असेल तर डोळे झाकून हार्मंड्सवर्थला जा. विंचेस्टर कॉलेजने आपल्या जहागिरीचं धान्य ठेवायला 1426-27 मध्ये ते बांधलं. लांबी सुमारे 58 मीटर, 12 खण, आणि दोन्ही बाजूंना ओक लाकडाच्या खांबांची रांग. हार्मंड्सवर्थ ज्या जुन्या मिडलसेक्स परगण्यात येतं, तिथल्या मातीत बांधकामाचा दगड नाही, त्यामुळे दगड आहे तो फक्त खांबांच्या बुडाशी. ओल चढून लाकूड कुजू नये म्हणून प्रत्येक खांब दगडी बैठकीवर टेकवलाय. भिंती फळ्यांच्या, वर कौलं. एखाद्या खांबापाशी थांबून वर पाहा. खांबाचा माथा बुंध्यापेक्षा रुंद दिसेल, कारण लांबची आणि आडवी अशा दोन्ही तुळया तिथेच येऊन बसतात. सांधे खाचेत बसवून लाकडी खुंट्यांनी पक्के केलेले आहेत. सहाशे वर्षांपूर्वीचं बहुतेक लाकूड आजही जागेवर आहे, आणि हे पाहून मी तरी थक्क झालो. कवी जॉन बेट्जमन याला ‘मिडलसेक्सचं कॅथेड्रल’ म्हणत. 2011 मध्ये इंग्लिश हेरिटेज या ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेने ते ताब्यात घेतलं म्हणून वाचलं. पण विमानतळाच्या तिसऱ्या धावपट्टीच्या योजनेमुळे गावावर टांगती तलवार आहेच. मुंबईहून हीथ्रोला उतरणाऱ्यांना, किंवा स्लाव, हाउन्सलोकडे राहणाऱ्या आपल्या लोकांना यापेक्षा सोयीचं काही नाही. अडचण एकच: ते एप्रिल ते ऑक्टोबर या काळात महिन्यातल्या ठरावीक रविवारीच उघडतं. तारखा बघूनच निघा.

ग्रेट कॉक्सवेल यापेक्षा सव्वाशे वर्षांहून जास्त जुनं. ब्यूली इथल्या सिस्टर्सियन या ख्रिस्ती साधूंच्या पंथाच्या मठाच्या शेतीसाठी ते साधारण 1292 च्या सुमारास बांधलं गेलं. इथे भिंती कॉट्सवोल्डच्या दगडाच्या आहेत, बाहेरून दगडी धिरे, छपरावरही दगडी फरश्या. आतले लाकडी खांब मात्र पुरुषभर उंच दगडी स्तंभांवर उभे आहेत, त्यामुळे हार्मंड्सवर्थपेक्षा इथे नजर जास्त वर खेचली जाते. जवळच केल्म्सकॉटला राहणाऱ्या कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस यांचं हे फार लाडकं ठिकाण होतं. आजूबाजूला शेतं, गर्दी नाही. फॅरिंग्डनपासून तीनेक किलोमीटरवर आहे, तेव्हा गाडी असेल तरच सोपं. ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

ब्रॅडफर्डचं कोठार शाफ्ट्सबरीच्या जोगिणींच्या मठाचं, चौदाव्या शतकातलं. लांबी 51 मीटर, 14 खण. आत पाऊल टाकताच फरक कळतो: मधे एकही खांब नाही. भिंतीतूनच निघालेली वाकड्या लाकडांची जोडी वर जाऊन आढ्यापाशी मिळते, आणि अशा जोड्यांच्या ओळीने सुमारे 100 टनांचं दगडी छप्पर पेललंय. मोकळी जमीन, लांबच लांब पोकळी. छपराची ही युक्ती समजून घ्यायला यासारखी जागा नाही. प्रवेश फुकट. बाथहून रेल्वेने पाव तासात पोहोचता येतं, आणि स्टेशनपासून नदीकाठाने चालत जाता येतं. लहान मुलं किंवा वयस्क आई-वडील बरोबर असतील तर मी हेच सांगेन.

माझी स्वतःची पसंती विचाराल तर हार्मंड्सवर्थ. दगडी भिंती वजन पेलायला मदत करतात. इथे सगळा भार लाकडावर आहे आणि सुताराचा हिशोब उघडा दिसतो. पण तारीख जुळली नाही तर हळहळत बसू नका, सरळ बाथची गाडी पकडा. कॉक्सवेल ऑक्सफर्ड किंवा कॉट्सवोल्डच्या सहलीत अर्ध्या तासात जमून जातं. मात्र त्यासाठी मुद्दाम लंडनहून सार्वजनिक वाहनाने जायला मी सांगणार नाही.

आणखी एक दिवस काढता आला, तर एसेक्समधलं क्रेसिंग टेंपल जोडून घ्या. टेंपलर या मध्ययुगीन ख्रिस्ती लढवय्या संघाच्या जहागिरीतली तेराव्या शतकातली दोन कोठारं, एक सातूचं आणि एक गव्हाचं, तिथे जवळजवळ उभी आहेत. तिथे लग्नसमारंभ होत असतात, म्हणून आधी चौकशी करून जा.