झोनमध्ये कंपनी काढावी का? आधी माल कुठे थांबतो ते सांगा

मशीद बंदरच्या गाळ्यात बसून कुणी "फ्री झोनमध्ये कंपनी काढतोय" म्हणालं, की मी एवढंच विचारतो: माल उतरणार कुठे आणि विकणार कुठे? बहुतेकांच्या डोक्यात करमाफी असते. पण आपल्याकडे एसईझेडची (विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे आपला फ्री झोन) आयकर सवलत २०२० नंतर सुरू झालेल्या युनिटला मिळतच नाही. उरतो तो फायदा वेगळाच आहे: आयात ड्युटी कधी भरायची ते तुमच्या हातात येतं.

सांगलीची हळद किंवा नाशिकची द्राक्षं बाहेर पाठवायची असतील तर झोनचा विचार सोडा. ५०० रुपयांत ऑनलाइन आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) निघतो, नंबरही पॅनचाच. एलयूटी, म्हणजे जीएसटी खात्याला हमीपत्र, दिलं की जीएसटी न भरता निर्यात होते. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये आयईसी अपडेट करायला तेवढं विसरू नका, नाहीतर तो बंद पडतो आणि माल गोदीत पोचल्यावर कळतं.

अंधेरीचं सीप्झ हे झोन १९७३ पासून आहे, पण ते दागिने घडवणाऱ्यांचं आणि सॉफ्टवेअरवाल्यांचं. व्यापाऱ्यासमोर खरे पर्याय दोनच, पनवेलजवळ साई गावचं फ्री ट्रेड वेअरहाउसिंग झोन (ड्युटी न भरता आयात माल साठवायची जागा) आणि दुबईचं जेबेल अली.

पनवेलचं गणित असं. समजा ५० लाखांचा माल न्हावा शेव्याला उतरला, त्यावर ड्युटी आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) मिळून १५ लाख. एरवी ते सगळे पहिल्याच फटक्यात भरावे लागतात. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, पण पैसा अडकतोच. झोनमध्ये ठेवला तर जेवढा माल बाहेर काढाल तेवढ्याचीच बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सला द्यायचा आयातीचा कागद), तेवढीच ड्युटी. उरलेला केनियाला पाठवला तर इथली ड्युटी लागतच नाही. माल झोनमध्ये असताना दुसऱ्याला विकला तरी त्या व्यवहारावर जीएसटी नाही, हे २०२५ च्या वित्त कायद्याने स्पष्ट केलं. साध्या बॉन्डेड (कस्टम्सच्या देखरेखीखालच्या) गोदामातही ड्युटी लांबते, पण ९० दिवसांनंतर १५ टक्के दराने व्याज चढू लागतं.

आता दुसरी बाजू. भाडं, हाताळणी आणि प्रत्येक खेपेचे वेगळे कागद. कंटेनर तीन आठवड्यांत खपत असेल तर हा सगळा उगाचचा भुर्दंड. आणि स्वतःचं युनिट काढलं तर पाच वर्षांत परकीय चलनाचा निव्वळ हिशेब जमेत, म्हणजे खर्चापेक्षा कमाई जास्त, दाखवावा लागतो. आयात करून इथेच विकणाऱ्याला ते कसं जमणार? म्हणून छोट्या व्यापाऱ्याने युनिट काढूच नये. तिथे आधीच युनिट असलेल्या गोदामवाल्याचं गिऱ्हाईक व्हावं, माल त्याच्याकडे आपल्या नावावर ठेवावा. सल्लागार हे सहसा सांगत नाहीत, कारण त्यात त्यांना कंपनी काढून द्यायची फी मिळत नाही.

दुबईची भुरळ जुनी. जेबेल अलीचा झोन १९८५ चा, बंदराला लागूनच. चीनहून आलेला माल आफ्रिकेला, आखातात वाटायचा असेल तर त्याला तोड नाही. पण "शून्य कर" ही पाटी जून २०२३ पासून पूर्वीसारखी राहिली नाही. तिथे आता ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कंपनी कर आहे. झोनवाल्याला शून्य दर मिळतो, पण ठरावीक उत्पन्नावरच, तेही ऑडिट केलेले हिशेब आणि तिथे खरंखुरं कामकाज असेल तर. माझ्या ओळखीच्या एका मसालेवाल्याला लायसन्स पटकन मिळालं, बँक खात्याला मात्र चार महिने लागले. तोवर भाडं चालूच.

शिवाय निर्णय सगळे मुंबईत बसून घेतलेत आणि उलाढाल वर्षाला ५० कोटींच्या वर गेली, तर आपलं आयकर खातं ती कंपनी भारतीयच धरू शकतं. मे २०२२ पासूनच्या भारत-यूएई व्यापार कराराची ड्युटी सवलतही तिथे नुसत्या थांबून आलेल्या चिनी मालाला लागू होत नाही.

माल भारतात यायचाच नसेल, चीनमधून उचलून थेट केनियातल्या मोम्बासाला द्यायचा असेल, तर दोन्ही झोन नकोत. मुंबईतल्या साध्या फर्मलाही हा मर्चंटिंग व्यवहार करता येतो. त्यावर जीएसटी नाही, मात्र रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तो ठरलेल्या मुदतीत पुरा व्हायला हवा.

साईला गोदाम बघायला जाणार असाल तर गेल्या वर्षीचे कंटेनर किती दिवस पडून होते, तो कागद बरोबर न्या. भाव त्यावरच ठरवा.