ट्रक हलेना: मोटर बदलायची, ईएससी बदलायचा, की थेट ब्रशलेस?

भाच्याचा १/१० साईजचा आरसी (रिमोटवर चालणारा) ट्रक दिवाळीनंतर बंद पडला. म्हणजे पूर्ण बंद नाही, लाईट लागायची, स्टेअरिंग व्यवस्थित वळायचं, पण थ्रॉटल दाबला की मागची चाकं ढिम्म. त्याचं म्हणणं एकच, "मामा, आता ब्रशलेसच टाकू या ना." (ब्रशलेस म्हणजे आत ब्रश नसलेली, जास्त वेगवान मोटर.) खरं सांगतो, मलाही तेच हवं होतं, नवीन पार्ट घ्यायला निमित्त मिळालं की कोण सोडतं. पण तुम्हीही याच फाट्यावर उभे असाल तर पैसे काढायच्या आधी पंधरा मिनिटं तपासा, कारण मोटर, ईएससी (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा) की ब्रशलेस, या तीन पर्यायांच्या खर्चात बराच फरक आहे आणि नेमका कुठला लागू होतो ते गाडीच सांगते.

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे फक्त मोटर. ब्रश्ड मोटरचं (म्हणजे आत फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, ब्रश, असलेलीचं) एक बरं असतं, तिला दोनच वायरी, त्यामुळे ईएससीपासून सोडवायची आणि चार पेन्सिल सेलच्या होल्डरला थेट लावायची. फिरली तर मोटर बहुतेक ठीक, नाही फिरली तर गेली. आमची मधली निघाली: सेल लावले, काहीच नाही, पिनियनला, म्हणजे मोटरच्या टोकावरच्या छोट्या गिअरला, बोटाने जरासा धक्का दिला की भुर्रकन फिरायला लागायची, थांबवून परत लावली की पुन्हा कधी चालू कधी गप्प. हे ब्रश झिजल्याचं लक्षण. बऱ्याच गाड्यांसोबत येणारी ५४० साईजची चंदेरी मोटर बंद डब्याची असते, तिचे ब्रश बदलता येत नाहीत, अख्खी मोटरच बदलायची. मी जुनी पकडीने उचकटून बघितली, आत सगळी काळी पूड आणि एका बाजूचा ब्रश जवळजवळ संपलेला.

मोटर सेलवर मस्त फिरतेय पण गाडीत नाही, तर मग ईएससीकडे वळा, पण लगेच नाही. आधी चाकं जमिनीवरून उचलून ठेवा आणि रिसिव्हरवर (रिमोटचा सिग्नल घेणारा डबा) स्टेअरिंगचा आणि ईएससीचा प्लग एकमेकांत अदलाबदल करा. आता रिमोटचं चाक फिरवल्यावर मोटर चालली तर ईएससी निर्दोष, बिघाड थ्रॉटल चॅनेलमध्ये किंवा रिमोटच्या ट्रिगरमध्ये आहे. तरीही मोटर गप्प असेल तर ईएससीवर संशय पक्का. आणि उलटं, बॅटरी लावल्या लावल्या ट्रिगरला हात न लावता गाडी सुसाट सुटत असेल तर आतले मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे भाग) शॉर्ट झालेत, तो ईएससी गेला, त्यात जीव घालवू नका.

ब्रश्ड ईएससी घ्यायचा तर हॉबीविंगचा क्विकरन १०६० हे ओळखीचं नाव, ६० अँपिअरचा, टू एस आणि थ्री एस लायपो (दोन किंवा तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी) दोन्ही चालतं. त्यावर एक बारकासा जंपर (जागा बदलून लावायचा छोटा प्लग) असतो, लायपो की निकेल मेटल हायड्राइड हे सांगणारा, आणि निम्मी रडगाणी तिथूनच येतात. निकेलची बॅटरी लावून जंपर लायपोवर राहिला की जोर लागताच व्होल्टेज खाली जातं, ईएससीला वाटतं बॅटरी संपली, आणि गाडी दोन मिनिटांत गळपटते. उलट केलं, म्हणजे लायपो लावून जंपर निकेलवर, तर कटऑफ (बॅटरी जास्त उतरायच्या आधी मोटरची वीज तोडणं) वेळेवर लागतच नाही आणि पॅक फुगतो. त्यामुळे 'ईएससी खराब' म्हणायच्या आधी जंपर बघा.

अजून एक प्रकार आहे ज्यात तिन्ही पर्याय चुकीचे ठरतात. स्टेअरिंग जोरात वळवलं की सगळी गाडी क्षणभर मरते, रिसिव्हरचा लाईट विझतो, पुन्हा लागतो. हा मोटरचा प्रॉब्लेम नाहीच. सर्व्हो, म्हणजे स्टेअरिंग वळवणारी छोटी मोटर, अडकला की तो इतका करंट ओढतो की ईएससीमधला बीईसी, म्हणजे सर्व्हो आणि रिसिव्हरला वीज देणारा भाग, व्होल्टेज सांभाळू शकत नाही आणि रिसिव्हर रीस्टार्ट होतो. मागच्या वर्षी मी या भानगडीत नवीन ईएससी घेऊन बसलो आणि शेवटी स्टेअरिंगच्या लिव्हरमध्ये एक खडा सापडला. खडा नसेल आणि तुम्ही ताकदवान सर्व्हो टाकला असेल तर वेगळा बीईसी लावा, पण ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढून टेप मारायला विसरू नका, नाहीतर दोन्ही बीईसी एकमेकांना भिडतील.

आता ब्रशलेस. वेगाला तोड नाही, ३३०० केव्हीची मोटर (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३३०० फेरे) ७.४ व्होल्टवर हिशोबाने चोवीस हजार आरपीएमच्या पुढे जाते, आणि ब्रश नाहीत म्हणजे ते झिजायचा प्रश्नच नाही. पण बिघाड शोधणं मात्र अवघड होतं, पेन्सिल सेल लावून तपासायची सोय गेली. हिला तीन वायरी, त्यातल्या एकीचा बुलेट कनेक्टर (गोल पिनचा जोड) सैल झाला की मोटर जागच्या जागी थरथरते, नवखा माणूस मोटर जळाली म्हणून फेकून देतो. तपासायचंच तर ईएससीपासून सोडवून दोन दोन वायरी आळीपाळीने एकमेकींना टेकवा आणि शाफ्ट हाताने फिरवा, तिन्ही जोड्यांना सारखाच अडथळा जाणवला पाहिजे. सेन्सर नसलेली असेल तर अगदी हळू चालवताना अडखळते, त्यामुळे दगडांवरून सरपटणारा क्रॉलर असेल तर मी म्हणेन ब्रश्डच बरी.

शिवाय खर्च कॉम्बोवर, म्हणजे ब्रशलेस मोटर आणि तिच्या ईएससीच्या जोडीवर, थांबत नाही. निकेलचा ७.२ व्होल्टचा पॅक आणि पांढरा टामिया कनेक्टर असेल तर तो इतका करंट झेलत नाही, प्लास्टिक पिवळं तपकिरी होऊन वितळतं, म्हणजे एक्सटी६० कनेक्टर सोल्डर करा, लायपो घ्या, लायपोचा चार्जर घ्या, आणि मग प्लास्टिकचे डिफ (डिफरन्शियल, चाकांना जोर वाटणारा भाग) गिअर उडायला लागले की तेही घ्या.

तर माझं मत असं, गाडी स्टॉक आहे, पॅक निकेलचा आहे, मुलं चालवतात, तर जो पार्ट गेला तोच बदला, डोकं लावू नका. लायपो आणि चार्जर घरात आधीच असेल आणि ईएससी नि मोटर दोन्ही एकदम गेले असतील तरच ब्रशलेसचा हिशोब जुळतो. फक्त मोटर गेलीय म्हणून अख्खं कॉम्बो घेणं मला तरी पटत नाही.

आम्ही नवीन ब्रश्ड मोटरच टाकली, वायरी दोन, स्क्रू दोन, पिनियन लावताना मध्ये कागदाची पट्टी ठेवून मेश (गिअरच्या दातांमधली फट) जुळवला, झालं काम. भाच्याला सांगितलंय की डिफचे गिअर गेले की ब्रशलेसचं बघू. आता तो मुद्दाम जिन्यावरून उड्या मारतोय.