ज्येष्ठ नागरिक आरोग्य विमा: नूतनीकरणाच्या वेळचा अनुभव
कोथरूडमध्ये राहणाऱ्या माझ्या आईवडिलांच्या पाच लाखांच्या ज्येष्ठ नागरिक पॉलिसीचे मी यंदा नूतनीकरण केले खरे, पण आनंदाने नव्हे. हप्ता कमी वाटतो, याचे कारण प्रत्येक दाव्यातील २० टक्के रक्कम (को-पेमेंट) आपल्यालाच सोसावी लागते, आणि खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली की शस्त्रक्रियेच्या व डॉक्टरांच्या शुल्कापोटी कंपनीकडून मिळणाऱ्या रकमेतही त्याच प्रमाणात कपात होते. हे वडिलांच्या हर्नियाच्या वेळी कळले, एजंटकडून नव्हे. कॅशलेस मंजुरी (बिल कंपनीने थेट रुग्णालयाला भरण्याची) मात्र दीड तासात आली, हे मान्य करायला हवे.

कंपनी बदलायची होती, परंतु पोर्टिंगचा, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा, अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी द्यावा लागतो आणि आम्ही जागे झालो तेव्हा तीनच आठवडे उरले होते. पोर्ट केल्यास आधीच्या आजारांसाठी पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ (ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही) नव्या कंपनीतही धरला जातो, त्यामुळे मधुमेही आईसाठी पुढच्या वर्षी हे करणारच. वडिलांनी सत्तरी ओलांडल्याने त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्डही (ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचे) काढले. त्याला उत्पन्नाची अट नाही, मात्र आपले नेहमीचे रुग्णालय योजनेच्या यादीत आहे का, ते आधी पाहावे. पॉलिसीला पाचपैकी अडीच गुण.