थरथर इंजिनाची की चाकांची? स्वस्त ओबीडी स्कॅनर काही महिने वापरल्यावर

चालत्या गाडीत कधी येणारी, कधी न येणारी थरथर शोधायला हजार रुपयांच्या आतला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती फोनवर दाखवणारं छोटं यंत्र) घ्यावा का? घ्यावा. पण तो निम्मंच काम करतो, उरलेलं निम्मं खिशातला फोन करतो. दोन्ही एकत्र वापरले तरच निदानाच्या जवळ जाता येतं, हे मी बेळगाव-निपाणी आणि बेळगाव-चोर्ला रस्त्यांवर अनुभवलं.

माझी गाडी चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, टायर १६५/८० आर १४. वंटमुरीचा घाट चढताना पन्नास ते सत्तरच्या वेगात ॲक्सिलरेटर दाबला की गाडी कमरेत डावी-उजवी हलल्यासारखी थरथरायची. पाय उचलला की बंद. घरची मंडळी मागे बसलेली असली की हमखास, एकटा असलो की बहुधा नाहीच. कुणी प्लग सांगितले, कुणी इंजिन माउंटिंग, कुणी चाकांचं बॅलन्सिंग. उद्यमबागेतल्या मेस्त्रींनी मात्र सरळ सांगितलं, "माझ्यापुढं गाडी थरथरेनाच की सर, शोधू तरी काय?" त्यांचं बरोबर होतं. जे समोर घडत नाही त्यावर अंदाजाने सुटे भाग बदलत बसणं म्हणजे गिऱ्हाइकाचा पैसा वाया घालवणं.

म्हणून स्कॅनर घेतला. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो बसतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना हे सॉकेट असतंच, त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांना आहे. फोनवर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे), वेग, इंजिनावरचा भार असे आकडे चालू गाडीत दिसतात. मिसिंगचे, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याचे, कोडही दिसतात: पी ०३०० म्हणजे कुठल्याही सिलिंडरला, पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरला, पी ०३०३ म्हणजे तिसऱ्या. डॅशबोर्डवरचा दिवा लागण्याआधीच कच्चा, म्हणजे पेंडिंग कोड नोंदला जातो. अधूनमधून येणाऱ्या तक्रारीत त्याचा मोठा आधार वाटतो. काही गाड्यांत सिलिंडरवार मिसिंगची मोजणीही मिळते. माझ्या गाडीत घाट चढून, थरथर पुरेपूर अनुभवूनही ती शून्य होती. प्लग आणि कॉइल बदलायचा खर्च तिथेच वाचला.

आता फोनचा भाग. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत ॲप आहे. त्यातला ॲक्सिलरेशन स्पेक्ट्रम चालू करून फोन दोन सीटांच्या मध्ये जमिनीवर टेपने घट्ट चिकटवायचा. थरथर सेकंदाला किती वेळा होते ते आलेखात उंच टोक म्हणून दिसतं. आकडे बघायला शेजारी दुसरं माणूस हवं. चालवणाऱ्याने फोनकडे बघू नये, घाटात तर मुळीच नाही.

खरी मजा इथून पुढे आहे. माझ्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर, त्यामुळे ताशी किलोमीटरला ७ ने भागलं की चाकाचे सेकंदाचे फेरे मिळतात. साठच्या वेगाला साडेआठ. इंजिनासाठी आरपीएमला ६० ने भागायचं: २००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३३ फेरे. चारातलं एक सिलिंडर मिसिंग मारत असेल तर धक्का दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे १७च्या आसपास. बॅलन्सिंग बिघडलं असेल तर चाकाच्या फेऱ्याइतकाच, एका फेऱ्याला एक धक्का.

माझं टोक साठच्या वेगाला २६ वर होतं. चौथा गिअर काढून तिसरा टाकला, वेग तोच ठेवला. आरपीएम २००० वरून २७०० च्या पुढे गेला, टोक मात्र २६ वरून हललं नाही. गिअर बदलूनही थरथर तीच राहते म्हणजे ती इंजिनाची नाही, गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतच्या भागातली आहे. आणि २६ म्हणजे साडेआठाची तिप्पट. ड्राइव्ह शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा. त्याच्या आतल्या बाजूला, गिअरबॉक्सकडे, तीन रोलरचा ट्रायपॉड जॉइंट असतो. या जॉइंटची वाटी झिजली की प्रत्येक फेऱ्याला तीन धक्के बसतात, तेही जोर लागला असतानाच. मागे माणसं बसली की गाडीचं नाक वर उचललं जातं, शाफ्टचा कोन वाढतो आणि धक्के जास्त जाणवतात. एकट्याने चालवताना तक्रार का येत नव्हती ते इथे कळलं.

मेस्त्रींना हे आकडे दाखवले. जॉइंटवरचा रबरी बूट, म्हणजे आवरण, शाबूत होता, वरून काहीच दिसत नव्हतं. उघडल्यावर डाव्या जॉइंटच्या वाटीत रोलरचे खड्डे बोटाला लागत होते. जॉइंट बदलला, नवं ग्रीस भरलं. त्यानंतर पूर्ण भरलेली गाडी घेऊन कणकुंबीमार्गे गोव्याला जाऊन आलो, थरथर नाही.

मेहुण्याची तक्रार वेगळी निघाली. तो चिकोडी भागात उसाच्या फडापर्यंत गाडी नेतो. महामार्गावर नव्वदला स्टिअरिंग थरथरायचं, आलेखात टोक १३ वर. टायर माझ्याच मापाचा, म्हणजे एका फेऱ्याला एक. रिमच्या आतल्या बाजूला काळी माती वाळून घट्ट बसली होती. पाण्याचा जोरदार फवारा मारला आणि काम झालं. पावसाळ्यात बॅलन्सिंगला पैसे देण्याआधी रिम आतून बघाच.

त्रुटीही सांगतो. टायर, बेअरिंग, ब्रेक डिस्क यांतलं काहीही स्कॅनरला दिसत नाही. चोर्ला उतरताना ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग हलत असेल तर आधी डिस्क तपासून घ्या. स्वस्त स्कॅनर प्रत्येक गाडीशी जुळतोच असं नाही, म्हणून परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या. आणि गाडी चार-आठ दिवस उभी राहणार असेल तर तो काढून ठेवा, लावलेला राहिला तर बॅटरी थोडी थोडी खात राहतो.