युफ्रेशियाचे थेंब : महिनाभराच्या वापरानंतर

दसऱ्याच्या सुमारास पुण्यातील आमच्या भागातले मोकळे प्लॉट गाजरगवताच्या फुलांनी पांढरे होतात आणि माझे डोळे लाल होतात. खाज, चुरचुर, सकाळी चिकटलेल्या पापण्या हा दर वर्षीचा क्रम आहे. यंदा मावशींच्या आग्रहाखातर नेत्रतज्ज्ञांकडे जाण्याआधी होमिओपॅथीचे युफ्रेशियाचे थेंब वापरून पाहिले.

युफ्रेशिया ही युरोपातील कुरणांत उगवणारी, जेमतेम वीतभर उंचीची आणि शेजारच्या गवताच्या मुळांतून काही पोषण शोषून घेणारी वनस्पती आहे. तिच्या पांढऱ्या पाकळ्यांवरील जांभळ्या रेघा आणि पिवळा ठिपका पाहून जुन्या युरोपीय वैद्यांना तारवटलेला डोळा आठवला, आणि ज्याच्यासारखे दिसते त्यावर ते औषध, या त्या काळच्या समजुतीनुसार ती नेत्रविकारांसाठी वापरली जाऊ लागली. जर्मन भाषेत तिला ‘डोळ्यांचा दिलासा’ अशा अर्थाचे नाव आहे. होमिओपॅथीत डोळ्यांचे पाणी झोंबते पण नाकाचे झोंबत नाही, अशा रुग्णाला युफ्रेशिया देतात. उलट असेल तर कांद्यापासून केलेले ‘एलियम सेपा’. कांदा चिरताना माझे तरी आधी डोळेच झोंबतात, पण ते असो.

दुकानातील मुलाने प्रथम माझ्या हाती युफ्रेशियाचे मदर टिंक्चर ठेवले आणि ‘दोन्ही एकच आहे’ असे सांगितले. ते मुळीच एकच नाही. मदर टिंक्चर हा अल्कोहोलमधील अर्क असतो आणि तो थेट डोळ्यात घालण्यासाठी नसतो. बाटलीवर ‘आय ड्रॉप्स’ आणि ‘निर्जंतुक’ हे दोन्ही शब्द वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. उघडल्यानंतर महिन्याभरात संपवावे, ही सूचना माझ्या बाटलीवर इतक्या बारीक अक्षरांत होती की डोळे चुरचुरणाऱ्या माणसाला ती भिंगाशिवाय दिसणे अशक्य होते. मी खोक्यावर पेनाने तारीख लिहून ठेवली.

थेंब घालताच गारवा जाणवतो, पाचदहा मिनिटे खाज थांबते आणि डोळ्यात गेलेली धूळ वाहून जाते. हे सुख खरे आहे, परंतु त्याचे श्रेय मी वनस्पतीला देऊ शकत नाही, कारण औषधविरहित कृत्रिम अश्रूंनीही मला नेमका तेवढाच आराम पडतो. माझ्या बाटलीत मूळ अर्काचे थोडे प्रमाण तरी होते. काही उत्पादनांत तो पोटन्सीच्या, म्हणजे दर पायरीला शंभरपट अशा रीतीने पुन्हा पुन्हा पातळ केलेल्या, रूपात असतो. सहाव्या शतांश पोटन्सीत अर्काचा वाटा एक लाख कोटी भागांत एक भाग इतका उरतो आणि तिसाव्या पोटन्सीत मूळ द्रव्याचा एखादा रेणू सापडण्याचीही शक्यता व्यवहारात राहत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराबाबत आढळत नाही, असा निष्कर्ष काढला होता.

ॲलर्जीवर मात्र काहीच फरक पडला नाही. परागकणांमुळे डोळ्यांतील पेशी हिस्टामिन सोडतात व त्यातून खाज सुटते. ती साखळी या थेंबांनी तुटली नाही. बाराव्या दिवशी पापण्या सुजल्यावर मी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दिलेल्या हिस्टामिनरोधक थेंबांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खाज उतरली. त्यांनी बजावलेही की दुखणे, अंधुक दिसणे, उजेड सहन न होणे किंवा पिवळी चिपडे येणे यांपैकी काहीही असेल तर घरगुती प्रयोगात एक दिवसही घालवू नये, आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तर नाहीच नाही.

पाचपैकी दोन गुण देतो, तेही गारव्यासाठी. तेवढाच गारवा स्वच्छ रुमाल थंड पाण्यात भिजवून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवला तरी मिळतो. महिना उलटला तेव्हा बाटलीत तिसरा हिस्सा शिल्लक होता. तो टाकून दिला आणि मावशींना तसे फोनवर सांगितले. त्यांनी लगेच पोटन्सी बदलून पाहण्याचा सल्ला दिला.